लढाईआधीच दमछाक

पोकेमॉन गो खेळणाऱ्याला रेड अगदी घराजवळ सापडली, तरी ती जिंकता येईलच असं नाही. जिमवरचं, म्हणजे खेळाच्या नकाशावरच्या लढाईच्या जागेवरचं, अंडं फुटतं, आतून लेजेंडरी पोकेमॉन बाहेर येतो आणि ४५ मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. प्रत्यक्ष लढाईला मिळतात ३०० सेकंद. एकट्याने जिंकणं जवळपास अशक्य. तीन-चार कसलेले खेळाडू लागतात, नवखे असतील तर सहा-सात. आता ही रेड कोल्हापूरजवळच्या कोडोलीत आलीय असं समजा. गावात खेळणारे पाच जण असतील, तर त्यातला एक वारणानगरला इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला बसलेला असतो. दुसऱ्याची कारखान्यात पाळी असते. तिसऱ्याच्या शेतात नुकतीच लाइट आलेली असते आणि उसाला पाणी पाजायचं सोडून तो गावात येऊ शकत नाही. उरलेले दोघं मोबाइल हातात धरून उभे राहतात. घड्याळ संपतं आणि पोकेमॉन निघून जातो. दोघंही हरलेले नसतात, कारण लढाई झालेलीच नसते.

ऑनलाइन खेळांतल्या रेडवर गेली वीस-पंचवीस वर्षं जो राग निघतो आहे, त्याचा गाभा मला या प्रसंगात दिसतो. वरवर पाहिलं तर तक्रारी शंभर प्रकारच्या आहेत. कुणाला रेड फार अवघड वाटते, कुणाला फार सोपी. कुणाला महाग, कुणाला कंटाळवाणी. पण त्या सगळ्या नीट लावून पाहिल्या की बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते. खेळाडू बॉसकडून मार खायला तयार असतो, शंभर वेळा मार खायलाही तयार असतो. त्याचा संताप होतो तो बॉसपर्यंत पोचतानाच दमछाक झाली की.

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेड म्हणजे अनेकांनी मिळून एका बलाढ्य शत्रूवर केलेली नियोजित चढाई. कुणी मार झेलतो, कुणी जखमी साथीदारांना सावरतो, बाकीचे घाव घालतात. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं तरच विजय. एकाची चूक सगळ्यांना भोवते. सगळी फळी गारद झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जिंकल्यावर लूट मिळते, पण ज्याने हे केलंय त्याला विचाराल तर तो लुटीबद्दल फारसं सांगणार नाही. शेवटच्या क्षणी कोण उभा राहिला, हेच सांगेल.

खेळाडू आणि खेळाचे कर्ते यांच्यातलं भांडण किती जुनं आहे हे पाहायचं तर एव्हरक्वेस्टकडे जावं लागतं. हा खेळ १९९९ मध्ये आला. त्यात केराफिर्म नावाचा एक निद्रिस्त ड्रॅगन होता. तो मारला जाण्यासाठी बनवलेलाच नव्हता. त्याला जागं केलं की तो प्रचंड संहार करायचा, बस्स. नोव्हेंबर २००३ मध्ये रॅलोस झेक या सर्व्हरवर एकमेकांच्या जिवावर उठलेल्या गिल्ड, म्हणजे खेळाडूंच्या टोळ्या, एकत्र आल्या आणि सुमारे दोनशे जण त्याच्यावर तुटून पडले. तासन् तास लढून त्यांनी ड्रॅगनची बरीच ताकद उतरवली, आणि कंपनीच्या माणसांनी तो ड्रॅगनच मैदानातून काढून घेतला. केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करा. कंपनीला माफी मागावी लागली, पुन्हा संधी द्यावी लागली आणि दुसऱ्या खेपेला खेळाडूंनी त्याला लोळवलं. आयुष्यभर एकमेकांशी वैर धरलेल्या गिल्डना एकत्र आणणारी ही रेड कुणी आखलेली नव्हती. खेळाडूंनीच ती उभी केली. अवघडपणाबद्दल त्या दोनशे जणांची काही तक्रार नव्हती. मैदान मधेच ओढून घेतलं, ही त्यांची तक्रार होती.

वर्षभराने, नोव्हेंबर २००४ मध्ये, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला आणि रेड घराघरांत गेली. निदान अमेरिका-युरोपच्या घरांत. मोल्टन कोअर ही त्यातली पहिली मोठी रेड ४० जणांची. चाळीस माणसं एका वेळी, एका सर्व्हरवर, चार-चार तास बसवणं हे लग्नाचं व्यवस्थापन करण्याइतकं किचकट काम होतं. गिल्डचा म्होरक्या हजेरी घ्यायचा, कुणाला किती लूट याची खतावणी ठेवायचा, रुसलेल्यांना समजवायचा. बॉसपेक्षा हे काम जड जायचं. २००६ मध्ये आलेली नॅक्सरामस तर इतकी कठीण आणि तिच्या तयारीचा खर्च इतका की फारच थोड्या गिल्डनी तिचं शेवटचं दालन पाहिलं. कंपनीने दोन वर्षांनी, २००८ च्या विस्तारात, तीच रेड सोपी करून परत आणली.

त्याच काळात क'थून या बॉसचं प्रकरण घडलं. जानेवारी २००६ मध्ये उघडलेल्या दुसऱ्या एका रेडचा हा शेवटचा शत्रू, आणि पहिली गिल्ड त्याला एप्रिलअखेर पाडू शकली. तोवर जगातल्या सगळ्यात तयारीच्या गिल्ड त्याच्यावर डोकं आपटत राहिल्या आणि हा बॉस आहे त्या रूपात मारताच येत नाही असं सांगत राहिल्या. कंपनीने त्याची रचना दुरुस्त केल्यावर तो पडला. इथे खेळाडूंचा राग शंभर टक्के रास्त होता. कठीण असणं वेगळं आणि हिशेबातच न बसणं वेगळं.

पुढच्या दहा वर्षांत वॉरक्राफ्टची कंपनी ब्लिझार्डने माणसांची संख्या सतत बदलून पाहिली, आणि प्रत्येक बदलात कुणीतरी दुखावलं गेलं. २००७ मध्ये चाळीसच्या जागी पंचवीस आणि दहा आले. कागदावर हे सोपं होणं. प्रत्यक्षात चाळीस जणांच्या गिल्डमधून पंधरा जणांना घरी बसवायची वेळ म्होरक्यांवर आली. मैत्र्या तुटल्या. २०१० मध्ये दहा आणि पंचवीसच्या रेडला सारखीच लूट दिली, तर पंचवीसच्या गिल्ड आटत गेल्या, कारण सारखंच फळ मिळणार असेल तर पंचवीस माणसं कोण गोळा करत बसेल? २०१४ पासून सगळ्यात वरची पातळी वीस जणांवर पक्की केली आणि खालच्या पातळ्यांवर दहा ते तीस अशी मोकळीक दिली. ही खालची मोकळीक मला या साऱ्या इतिहासातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो. बारा आले तर बाराची लढाई, सतरा आले तर सतराची. बॉसची ताकद माणसं पाहून कमी-जास्त होते. आज कोण आलं नाही याचा हिशेब करत बसायचं कारणच उरत नाही.

उलट टोकाला गेलेला प्रयोगही याच खेळात झाला. २०११ च्या अखेरीस रेड फाइंडर आलं. बटण दाबा, रांगेत थांबा, पंचवीस अनोळखी माणसं आपोआप जमतील आणि लढाई सुरू. ज्यांना गिल्डच्या वेळा पाळता येत नाहीत त्यांना गोष्टीचा शेवट प्रथमच पाहता आला. ते फार मोठं काम झालं. पण पोचणं सोपं करता करता लढाईही पातळ झाली. पुढे तर नियमच असा आला की गट एकदा गारद झाला की पुढच्या खेपेला सगळ्यांची ताकद ५ टक्क्यांनी वाढते, पुन्हा हरलात की आणखी ५. म्हणजे शिकला नाहीत तरी चालेल, हरत राहा, विजय येईलच. जुन्या खेळाडूंनी याला नाकं मुरडली ती केवळ अहंकारापोटी, असं मला वाटत नाही. अनोळखी पंचवीस जण एकमेकांशी शब्द न बोलता आले आणि गेले, तर त्याला चढाई म्हणायचं कसं?

मग वरच्या पातळीवर काय झालं? तिथे कठीणपणा वाढत गेला, पण तो लढाईबाहेर पळाला. डेडली बॉस मॉड्स, वीकऑराज ही खेळाडूंनीच बनवलेली जोड-सॉफ्टवेअर. बॉस आता काय करणार, तुम्ही कुठे उभं राहायचं, कुणी कुठे पळायचं हे ती पडद्यावर ओरडून सांगतात. कर्त्यांनी पाहिलं की सॉफ्टवेअरमुळे बॉस सोपे पडतात, म्हणून त्यांनी बॉस आणखी गुंतागुंतीचे केले. ते सॉफ्टवेअरशिवाय झेपेनासे झाले, म्हणून खेळाडूंनी आणखी हुशार सॉफ्टवेअर लिहिलं. २०२२ मधली सेपल्कर ऑफ द फर्स्ट वन्स ही रेड या शर्यतीचा कळस. जगात पहिलं येण्यासाठी रात्रंदिवस बसणाऱ्या व्यावसायिक संघांनाही ती संपवायला अडीच आठवडे लागले, आणि मागून आलेल्या साध्या गिल्ड तिच्या भिंतीवर आपटून मोडल्या. २०२३ मध्ये कंपनीने काही इशारे या सॉफ्टवेअरपासून लपवायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये जाहीर केलं की मिडनाइट या पुढच्या विस्तारापासून लढाईची माहिती जोड-सॉफ्टवेअरला मिळणार नाही. वीकऑराजच्या कर्त्यांनीही त्या विस्तारासाठी आवृत्ती काढणार नसल्याचं सांगितलं. यावर खेळाडूंत सरळ दोन तट पडले. मी कंपनीच्या बाजूने आहे. बॉस आणि माणूस यांच्यामध्ये तिसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम उभा असेल, तर परीक्षा कुणाची चालली आहे? मात्र एक गोष्ट कंपनीने विसरू नये. रंग नीट न दिसणारे, कमी ऐकू येणारे अनेक खेळाडू याच सॉफ्टवेअरच्या आधारावर रेडमध्ये टिकून होते. त्यांची सोय खेळाच्या आतच करून देणं ही आता कंपनीची जबाबदारी आहे.

जपानी फायनल फँटसी १४ मध्ये असं सॉफ्टवेअर वापरणं नियमानेच निषिद्ध. तिथे आठ जणांच्या बहुतेक रेड दोन रूपांत येतात. गोष्ट पाहण्यासाठी साधं रूप आणि कस लागण्यासाठी सॅव्हेज. ही विभागणी चांगली चालली, पण मोह तिथेही सुटला नाही. जानेवारी २०२३ मध्ये ओमेगा प्रोटोकॉल ही रेड सगळ्यात आधी जिंकणाऱ्या संघाने मैदान दुरून दिसेल अशी चोरवाट वापरल्याचं चित्रफितीतून उघड झालं आणि खेळाचे दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी त्यांना पहिले विजेते मानायला जाहीर नकार दिला.

डेस्टिनी या खेळाचं प्रकरण आणखी बोलकं आहे. व्हॉल्ट ऑफ ग्लास ही त्याची पहिली रेड सप्टेंबर २०१४ मध्ये आली. सहा जण हवेत, त्यांनी एकमेकांशी बोलायलाच हवं, आणि ते सहा जण कुठून आणायचे ते तुमचं तुम्ही पाहा. खेळात तशी सोयच नव्हती. रेड म्हणून ती अप्रतिम होती. पण मित्र नसलेल्या माणसाला ती बंद होती. लोक खेळाबाहेरच्या ठिकाणी जाहिरात देऊन साथीदार शोधायचे. साथीदार शोधण्याची धड सोय खेळाच्या आत यायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. नऊ वर्षं लागली. या नऊ वर्षांत किती खेळाडू दारातून परत गेले असतील?

आता हे सारं कोडोलीहून पाहू. पन्हाळा तालुक्यातलं हे मोठं गाव. एका अंगाला वारणेचा ऊस, दुसऱ्या अंगाला जोतिबाचा डोंगर. कॉलेज, दवाखाने, बाजार सगळं आहे, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून इंटरनेटही स्वस्त आहे. पण वॉरक्राफ्टचा सर्व्हर भारतात नाही. जवळच्या पर्यायांपैकी एक ऑस्ट्रेलियात, दुसरा युरोपात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. इथून सिडनी दहा हजार किलोमीटरवर धरलं, तर हुकूम जाऊन उत्तर यायला कमीत कमी १०० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल वेड्यावाकड्या जातात, म्हणून त्याहून बरेच जास्त. पायाखालच्या आगीतून बाजूला व्हायला बॉस एखादाच सेकंद देतो, त्यातला मोठा तुकडा प्रवासातच जातो. युरोपच्या सर्व्हरवर जा, तर तिथल्या रात्री आठची रेड हिवाळ्यात आपल्याकडे साडेबाराला सुरू होते आणि पहाटे चारला संपते. शिवाय महिन्याला १५ डॉलर वर्गणी. एवढं करून जो खेळतो त्याला बॉस कठीण वाटत नाही. बाकी सगळंच कठीण वाटतं.

म्हणून गावातली रेड ही मोबाइलवरचीच रेड आहे, आणि तिथला सगळ्यात मोठा झगडा पोकेमॉन गोचा.

हा खेळ भारतात अधिकृतपणे आला डिसेंबर २०१६ मध्ये, जिओशी हातमिळवणी करून. जगभर गाजून झाल्यावर पाच महिन्यांनी. रेड जून २०१७ मध्ये सुरू झाल्या. कल्पना सुंदर होती. जिमवर सगळ्यांनी प्रत्यक्ष जमायचं, वीस जणांपर्यंत एकत्र लढायचं, अनोळखी माणसांशी ओळख व्हायची. पुण्या-मुंबईत हे घडलंही. पण जिम कुठे असतात? खेळाचा नकाशा मुळात इन्ग्रेस या त्याच कंपनीच्या आधीच्या खेळातून आला. २०१२-१३ च्या सुमाराला ज्या गावांत स्मार्टफोन, डेटा आणि हौस तिन्ही असलेली माणसं होती, तिथली देवळं, पुतळे, स्मारकं खेळाची ठाणी म्हणून नकाशावर चढली. खेड्यांच्या वाट्याला रान आलं.

त्यातही जिमचा एक हिशेब आहे. कंपनीने तो मोठ्याने सांगितला नाही. खेळाडूंनी चिकाटीने शोधून काढला. पृथ्वीचे ठरावीक आकाराचे चौकोन पाडलेले असतात. एका मोठ्या चौकोनात खेळाचं एकच ठाणं असेल, तर तिथे जिम नाही. दोन झाली की एक जिम, सहा झाली की दुसरी, वीस झाली की तिसरी. शिवाय एकमेकांना खेटून असलेल्या दोन जागांतली एकच नकाशावर येते. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आसपास पावलापावलाला काहीतरी सापडेल. वाडी-वस्तीवर मात्र एक मारुतीचं देऊळ आणि एक समाजमंदिर, तीही कदाचित रेषेच्या दोन बाजूंना. म्हणजे दोन्ही ठाणी नकाशावर असूनही दोन्ही चौकोनांत जिम शून्य. जिम नाही म्हणजे रेड नाही, आणि जिममध्ये पोकेमॉन बसवून दिवसाला जी जास्तीत जास्त ५० नाणी फुकट मिळतात तीही नाहीत. हे असं दुहेरी नुकसान शहरात राहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

मग एप्रिल २०२० मध्ये, जग घरात कोंडलेलं असताना, रिमोट रेड पास आला. घरबसल्या लांबच्या रेडमध्ये जाता येऊ लागलं. काही महिन्यांत मित्रांना आमंत्रण पाठवायची सोयही झाली. पोकेजिनीसारख्या बाहेरच्या ॲपवर रांगा लागू लागल्या आणि कुठल्याही खेड्यातला मुलगा टोकियोतल्या, माद्रिदमधल्या जिमवर चार अनोळखी माणसांबरोबर लढू लागला. ज्यांच्या गावात पाचवा खेळाडूच नव्हता त्यांना अख्खं जग साथीला मिळालं. महामारीसाठी केलेली सोय खेड्यातल्या खेळाडूसाठी पहिल्यांदा मिळालेला न्याय ठरली.

साथ ओसरू लागताच नायँटिक या कंपनीने सोयी काढायला घेतल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ठाणं किती लांबून वापरता येतं ते अंतर ८० मीटरवरून पुन्हा ४० वर आणलं. खेळाडूंनी उघड पत्र लिहिलं, #हिअरअसनायँटिक अशी हाक देशोदेशी घुमली आणि महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली. ८० मीटर कायम झाले. खेळाडूंच्या एकीचं हे खरंखुरं यश होतं.

दुसरी लढाई मात्र ते हरले. ६ एप्रिल २०२३ पासून एका रिमोट पासची किंमत १०० नाण्यांवरून १९५ वर गेली, तीन पासांचा संच ३०० वरून ५२५ वर, आणि दिवसाला पाचच रिमोट रेडची मर्यादा आली. ज्याला जिम मिळते त्याच्या हिशेबाने पाहा. आधी दोन दिवसांच्या नाण्यांत एक पास यायचा, आता चार दिवस लागतात. ज्याला जिम मिळत नाही त्याला सरळ पैसे मोजायचे. कंपनीचं म्हणणं असं की घरबसल्या खेळणं कधीच उद्दिष्ट नव्हतं, खेळ बाहेर पडून एकमेकांना भेटण्यासाठी आहे आणि रिमोट रेडने तोच झाकोळला गेला. या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. रिमोटमुळे शहरांतले जमणारे गट पांगले, ही गोष्ट खरी आहे. पण औषध सगळ्यांना एकच दिलं. ज्याच्या खिडकीखाली तीन जिम आहेत आणि आळसाने जो खाली उतरत नाही, त्याला आणि ज्याला जिमपर्यंत मोटरसायकलला किक मारावी लागते त्याला एकच दंड.

त्यानंतरची दिशा तीच राहिली. एलिट रेड आधीपासून प्रत्यक्ष हजेरीच्याच होत्या. २०२३ च्या उन्हाळ्यात आलेल्या शॅडो रेडलाही सुरुवातीला दूरचा प्रवेश नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये जायगँटामॅक्स लढाया आल्या. सुरुवातीला त्यांत ४० जणांपर्यंत खेळाडू एका जागी जमवावे लागायचे आणि दहा जण जमले तरी हरण्याची शक्यता असायची. मोल्टन कोअरचे चाळीस जण निदान आपापल्या घरात बसून खेळत होते! गावात चाळीस माणसं एका वेळी जमतात ती यात्रेला, ग्रामसभेला किंवा कुस्तीच्या फडाला. पोकेमॉनसाठी चाळीस जण आणायचे, तर कोल्हापूर गाठावं लागायचं, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. मार्च २०२५ मध्ये हा खेळ ३.५ अब्ज डॉलरच्या व्यवहारात स्कोपली या कंपनीकडे जाणार असल्याचं जाहीर झालं. एवढ्या किमतीच्या खेळात खेड्यातल्या खेळाडूची फिकीर करायला पैसे कमी पडले, असं कुणी म्हणू शकणार नाही. २०२३ मध्ये खेळ हिंदीत आला, पोकेमॉनची नावंसुद्धा हिंदी वळणाने लिहिली गेली. भारतातला खेळाडू कंपनीला हवा आहे, हे त्यावरून दिसतंच. मराठीची वाट आपण अजून पाहतो आहोत.

क्लॅश ऑफ क्लॅन्सने हाच प्रश्न अगदी वेगळ्या रीतीने सोडवला, आणि तो इथे आवर्जून सांगायला हवा. मे २०२२ मध्ये त्यात क्लॅन कॅपिटल आलं आणि त्याबरोबर रेड वीकेंड. आपल्या वेळेनुसार शुक्रवारी दुपारी साडेबारापासून सोमवारी दुपारी साडेबारापर्यंत. प्रत्येकाला पाच हल्ले, चांगली कामगिरी केली तर सहावा. यातली खुबी अशी की एकाने पाडलेल्या भिंती पडलेल्याच राहतात. पुढचा जिथून मागच्याने सोडलं तिथून सुरू करतो. एकाने रात्रपाळीहून येऊन पहाटे हल्ला करावा, दुसऱ्याने कॉलेज सुटल्यावर, तिसऱ्याने लाइट गेल्यावर बांधावर बसून. कुणी कुणासाठी खोळंबत नाही, तरी विजय सगळ्यांचा मिळून. साधा फोन आणि अधूनमधून येणारी रेंज एवढ्यावर भागतं. खेड्यातल्या दिनक्रमाला इतकी बेतून बसणारी रेड मी दुसरी पाहिलेली नाही.

तरी खेळाडू कुरकुरतात, आणि त्यांचं खरं आहे. इथे पोचणं सोपं झालं, पण लढाईला चव राहिली नाही. तेच तेच आराखडे, तेच तेच सैन्य. दर आठवड्याला पाच हल्ले उरकून पदकं घ्यायची. काही जण तर एकही हल्ला धड न करता क्लॅनच्या बळावर बक्षीस उचलतात आणि मग म्होरक्याला त्यांना हाकलण्याचं नकोसं काम करावं लागतं. दार उघडं ठेवलं, पण आत परीक्षाच नाही. वॉरक्राफ्टच्या रेड फाइंडरचीच ही धाकटी बहीण.

कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्याला इथे कबड्डी आठवल्याशिवाय राहत नाही. रिकामी चढाई करून सुखरूप परतणं हाही कसलेल्या चढाईपटूचा एक डाव असायचा. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर बाद, हा नियम घरोघरच्या टीव्हीवर पोचला. चढाईला ३० सेकंद. खेळ कठीण झाला, वेगवान झाला. पण जो बदल केला तो रेषेच्या आत केला. मैदानावर उतरायला कुणाला जास्त पैसे पडले नाहीत, जास्त माणसं आणावी लागली नाहीत. गावच्या पोरांनी तो नियम आठवड्यात उचलला असता, कारण त्यासाठी लागणारं सगळं त्यांच्याकडे आधीच होतं. रेडच्या कर्त्यांनी कठीणपणा वाढवायचा तर तो असा, लढाईच्या आत वाढवावा.

आता नेमकं काय व्हायला हवं तेही सांगतो. पोकेमॉन गोच्या कंपनीला खेळाडू कुठे उभा आहे हे मीटरच्या हिशेबात ठाऊक असतं. खेळच त्यावर चालतो. मग ज्याच्या आसपास काही किलोमीटरांत जिम नाही किंवा एखादीच आहे, त्याला रिमोट पास जुन्या १०० नाण्यांत मिळायला अडचण काय? वाहतूक, पगार, सर्व्हर, काहीच वाढवावं लागत नाही. ज्या चौकोनात एकच ठाणं आहे, तिथे त्याच ठाण्याला जिम करावं. लढाईत माणसं कमी असतील, तर वॉरक्राफ्टच्या खालच्या पातळ्यांसारखी बॉसची ताकद माणसं पाहून उतरावी आणि त्या प्रमाणात बक्षीसही थोडं कमी करावं. गावातला खेळाडू ते आनंदाने मान्य करील. चोरून ठिकाण बदलणारी बनावट ॲप्स खेड्यांत का चालतात याचं उत्तरही इथेच आहे. सरळ वाट खुली झाली, तर वाकड्या वाटेने जाणारे आपोआप घटतील.

आणि कोडोली, वारणानगर, पन्हाळा या पट्ट्यातल्या खेळणाऱ्या पोरांना माझी विनंती आहे. वरच्या पातळीवर पोचलेला खेळाडू नवी ठाणी सुचवू शकतो. आपल्या गावातलं देऊळ, तालीम, वाचनालय, हुतात्म्यांचं स्मारक, ज्याला काही इतिहास आहे किंवा जिथे लोक जमतात अशा जागांचे स्वच्छ फोटो काढा आणि दोन ओळी माहिती लिहून पाठवा. शाळा, खासगी घर आणि रुग्णवाहिकेच्या वाटेत येणारी जागा मात्र सुचवू नका. ती नाकारली जाते आणि नाकारली जावीच. एका चौकोनात दोन जागा मंजूर झाल्या की पहिली जिम मिळते. त्यासाठी कंपनीने नियम बदलायची वाट पाहायची गरज नाही. दोन फोटो या रविवारीच काढा.